चारचं टपाल

२ सप्टेंबर १९९७

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण हात दुखतात, आणि हात दुखतात कारण एकतीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बोटांना आता कॉम्प्युटरच्या मऊ बटणांवर चालायला शिकवतायत. जोरात मारलं की एका अक्षराची चार उमटतात. हळू मारलं की वाटतं काही झालंच नाही. आमच्या टंकलेखन विभागातले सातही टाइपरायटर गेल्या आठवड्यात खाली नेले. टेबलांवर त्यांच्या पायांचे चार-चार डाग तेवढे राहिलेत.

तुमच्या शाखेतही परिपत्रक आलं असेलच. एक तारखेपासून मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यातलं सगळं लिहिणं 'इंट्रानेट'वरून. म्हणजे कंपनीची मशीनं फोनच्या तारेनं एकमेकांना बांधलेली. आस्थापनेच्या साहेबांनी सभेत छडी घेऊन समजावलं की बाहेरच्या जगासाठी इंटरनेट पुढच्या वर्षी येणार, आधी घरातल्या घरात बोलायला शिका. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीला घरातल्या घरात एवढं काय बोलायचं असतं, हे मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही, पण टाइप सगळं मीच केलंय.

माझं काम तसं फार बदललेलं नाही. पूर्वी मी टाइप करायची, साहेब सही करायचे, कागद ट्रेमध्ये जायचा आणि चार वाजता आमचे जावक कारकून डिंकराव येऊन तिकिटं चिकटवून टपाल रवाना करायचे. आता मी टाइप करते, एक बटण दाबते, पत्र पडद्यावर एका यादीत जाऊन बसतं आणि चार वाजता कॉम्प्युटरवाला येऊन फोन जोडतो. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज होतो आणि यादी रिकामी होते. मी तिकडे बघतही नाही. आजवर मी एकाही पाकिटाला तिकीट लावलेलं नाही, तो आपला प्रांत नाही, आणि डिंकरावांनी तो कोणाला दिलाही नसता. पत्राखाली 'टं. ३' मात्र मी अजून घालते. तिसऱ्या टेबलावरच्या टंकलेखिकेची एवढीच काय ती सही.

आई बरी आहे असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. ती मला ओळखते, पण कधी मावशी समजून. संध्याकाळी पाच वाजले की दार उघडून ठेवायला लावते, धाकटा शाळेतून येईल म्हणून. दिवसा खालच्या दुकानातल्या शिवणवाल्या बाई लक्ष ठेवतात. डॉक्टर म्हणाले, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला कोण किती आठवेल, सांगता येत नाही. इथल्या दुरुस्ती विभागातली जागा रिकामी झालीय हे तुला ठाऊक आहे. तुझा अर्ज आलाय हेही मला ठाऊक आहे. याउपर मी एक अक्षर बोलणार नाही, कारण आमच्या खोलीचा नियम जुना आहे, आतलं बाहेर नाही.

सौ.ला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, उशीर झाला तरी.
तुझी ताई


१० सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. तुझ्या हातांना गरम पाण्याचा शेक दे. मी सांगितलं म्हणून तू देणार नाहीस, तरी लिहून ठेवतो.

आमच्याकडेही मशीन आलंय आणि ते नेमकं माझ्या टेबलावर बसवलंय, कारण फोनची तार माझ्या टेबलामागे आहे. मी काटे दुरुस्त करणारा माणूस. पण टेबल माझं, म्हणून मशीन माझं, म्हणून आता शाखेची जबाबदारीही माझी. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मी फोन जोडतो, आलेलं छापतो, शाखाप्रमुखांपुढे ठेवतो. ते छापील कागदावर सही करून 'पाहिले' असं लिहितात आणि मी तो कागद फायलीला लावतो. कागद बंद करायच्या या योजनेत आमच्या शाखेनं नऊ दिवसांत कागदाचा अख्खा गठ्ठा संपवला.

अर्जाबद्दल तू बोलणार नाहीस, तर मीच बोलतो. हा तिसरा. पहिले दोन परत आले तेव्हा वाईट वाटलं होतं, आता नुसता थकवा येतो. गेल्या खेपेला घरी आलो तेव्हा आईनं मला विचारलं, तुम्ही गॅसच्या शेगडीचं बघायला आलात का. मी हो म्हणालो आणि शेगडी उघडून पुसून दिली. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. तिनं मला ओळखायचं पूर्ण सोडण्याआधी मला तिच्याजवळ यायचंय ताई, एवढंच आहे. पगार, पद, काही नको. हिनं दोन ट्रंका माळ्यावरून काढून ठेवल्या होत्या, मी परत वर टाकल्या.

आईला नमस्कार, तिला पोचेल तसा. तू रागावलीस तरी पत्र टाळत नाहीस, तो शिरस्ता मोडू नकोस.
तुझा धाकटा


१८ सप्टेंबर १९९७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोनच ओळी. मशीन नीट बघत जा. सोमवारी, म्हणजे पंधरा तारखेला, मी माझ्या दुखऱ्या हातांनी तुमच्या शाखेच्या नावे एक पत्र टाइप केलंय. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. पण टाइप करताना एकदाही चुकले नाही आणि नंतर पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन थोडं रडून आले. उत्तर तुला मशीनवरूनच द्यायचंय. आळस करू नकोस.

खिडकीखालचा पलंग मोकळा केलाय. त्यावरचे माझे जुने कपडे शिवणवाल्या बाईंना दिले. ट्रंका माळ्यावरून काढ म्हणाव सौ.ला.

आईला सांगितलं, धाकटा येतोय. ती म्हणाली, रोजच येतो, त्यात काय.

पत्र धाड आणि माणूसही धाड.
ताई


२५ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र काल मिळालं. दोन ओळी म्हणून तू पान भरलंस ते सोड. हिनं ते चार वेळा वाचलं आणि ट्रंका खाली आल्या.

पण ताई, मशीनवर काहीच नाही. तुझं पत्र यायच्या आधीपासून मी रोज दोनदा जोडतो आणि मुख्य कार्यालयाकडून गेले बारा-तेरा दिवस एक ओळ आलेली नाही. आमचे शाखाप्रमुख यावर खूश आहेत. त्यांच्या मते मुख्य कार्यालय गप्प बसणं हीच या यंत्राची खरी प्रगती. काल मी मशीनवरूनच आस्थापनेला विचारलं की माझ्या अर्जाचं काही झालं का. उत्तर नाही. फोन करू का म्हणून शाखाप्रमुखांना विचारलं, तर त्यांनी परिपत्रकावर बोट ठेवलं. नेमणुकीबाबत फोनवर विचारणा केल्यास दबाव आणल्याचं समजलं जाईल. हा मजकूरही तूच टाइप केलेला असणार.

मी वाट बघतो. वाट बघणं मला येतं, गेली तीन वर्षं तेच करतोय. तुझ्या सांगण्यात चूक नसते, म्हणजे उशीर मशीनचा असेल.

हातांना शेक दे. तुझा विश्वास आहे तोवर माझाही आहे असं धर.
धाकटा


५ ऑक्टोबर १९९७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आज रविवार. आई झोपलीय आणि मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली, कारण त्यात मी स्वतःला वाचवत होते.

एक तारखेला साहेबांनी मला बोलावून एक पत्र सांगितलं. तुझ्या नावे. दुरुस्ती विभागातल्या जागेवर तुझी निवड झाल्याचं कळवूनही तीस तारखेपर्यंत तुझा होकार आला नाही, म्हणून जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला दिली आहे, आणि या बेपर्वाईचा खुलासा कर. मी ते टाइप केलं. मी तुझ्यावर चिडले होते, हे कबूल करते. वाटलं, तीन वर्षं रडलास आणि आता उत्तर द्यायचं राहिलं. खाली 'टं. ३' घातलं आणि पत्र यादीत टाकलं.

शुक्रवारी तीन तारखेला तुझं पत्र आलं. बारा-तेरा दिवसांत एक ओळ नाही, हे वाचलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चारच्या टपालाकडे वळून बघितलं. यादीत त्रेचाळीस पत्रं होती, धाकट्या. त्रेचाळीस. पहिल्यावर बारा सप्टेंबर तारीख. तुझ्या निवडीचं पत्र सातवं. सगळी जिथल्या तिथे.

झालं असं. कॉम्प्युटरवाल्याचं कंत्राट बारा तारखेला सकाळीच संपलं. जाताना त्यानं डिंकरावांना सांगितलं की रोज चारला फोन जोडायचा. डिंकरावांना त्याच दुपारी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली मिळाली, कारण टपाल बंद झालं होतं. त्यांना वाटलं, आता हे काम ज्याचं त्याचं. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते की चारचं बघा हं आता. मी हो म्हणाले. मला वाटलं, निरोप घेतायत. माणूस तीस वर्षांनी टेबल सोडतोय, मी त्यांना चहा दिला आणि चारचं विसरले. तीन आठवडे मी पत्रं नेटकी टाइप करून ठेवत गेले आणि कोणीतरी येऊन नेईल म्हणून बसले.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणशील, तर तातडीचं काही असलं की सगळे अजून फोनच उचलतात. शाखांकडून काही येत नाही म्हणून साहेबही निवांत होते. जोडलंच नाही तर येणार कुठून. शुक्रवारी मीच, कॉम्प्युटरवाल्यानं कागदावर लिहून ठेवलेलं वाचत वाचत फोन जोडला. तो खिळ्याचा आवाज झाला. यादी रिकामी झाली. उशिरा.

उद्या सकाळी मी साहेबांना हे सगळं लिहून देणार आहे, सहीनिशी. जागा परत मिळेल का ठाऊक नाही. तू शेगडी पुसल्याचं लिहिलं होतंस, ते मला दिवसभर दिसतंय. तुझं घरी येणं माझ्या हातून अडलं.

रागावलास तर रागाव, पण पत्र लिही.
ताई


५ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून शांत बस आणि मी सांगतो ते ऐक. मोठी आहेस म्हणून दर वेळी तूच बोलायचं असं काही नाही.

शुक्रवारी चारला फोन जोडला आणि मशीन थांबेचना. आमच्या शाखेच्या नावची नऊ पत्रं एकापाठोपाठ एक आली. त्यात माझी निवड झाल्याचं पंधरा तारखेचं पत्र होतं आणि त्याला उत्तर का दिलं नाही म्हणून झाडणारं एक तारखेचं पत्रही होतं. दोन्ही एका दमात छापून निघाली. माझ्या हातात एकाच वेळी बक्षीस आणि छडी. दोन्हींच्या खाली 'टं. ३'.

काय झालं असेल ते मला तेव्हाच कळलं. तू कागद ट्रेमध्ये ठेवलास आणि नेणारा आला नाही. लहानपणी दुधाची बरणी तू अशीच दाराशी नेऊन ठेवायचीस आणि दूधवाल्यानं बघितली नाही की आई आपल्या दोघांना बिनदुधाचा चहा द्यायची. मी काही बोलायचो नाही, आताही बोलणार नाही.

मी काल शनिवारी खुलासा पाठवला. लिहिलं की बारा सप्टेंबर ते दोन ऑक्टोबर आमच्या शाखेचा फोन बंद होता, मशीनची जबाबदारी माझी असून मी ते वर कळवलं नाही, चूक सर्वस्वी माझी. शाखाप्रमुखांनी न वाचताच 'पाहिले' लिहिलं. तुझं सव्वा वर्ष राहिलंय. एकतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटी शेवटी डाग कशाला. माझी अजून सोळा वर्षं आहेत, तेवढ्यात धुऊन निघेल. तेव्हा तू कोणाला काही सांगायचं नाही. आतलं बाहेर नाही, तुझाच नियम.

हिनं ट्रंका परत वर टाकायला सांगितल्या नाहीत. त्या दाराशीच आहेत, जाता-येता पायाला लागतात.

आईचा हात धर माझ्या वतीनं. आणि मला सांभाळून घेतलंस तितकंच आता स्वतःला घे.
धाकटा


१७ ऑक्टोबर १९९७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र तेरा तारखेला मिळालं. तोवर माझा कबुलीजबाब साहेबांच्या टेबलावर जाऊन आठवडा झाला होता. माझंही पत्र आता तुला मिळालं असेल. आपण दोघांनी एकाच रविवारी बसून एकच चूक आपापल्या नावावर करून घेतली. आईनं आपल्याला एवढं एकच नीट शिकवलेलं दिसतंय.

साहेबांनी मला सात तारखेला बोलावलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले होते. मी उभीच राहिले. त्यांनी मला चष्मा लागला का, झोप येते का, असली चौकशी केली. मग म्हणाले की तुमचा कागद मी वाचलेला नाही असं समजू या. मला आधी वाटलं, दया करतायत. मग त्यांनीच सांगितलं. पुढच्या महिन्यात मालकांपुढे या इंट्रानेटचा अहवाल जायचाय आणि त्यात यंत्रणा पहिल्या दिवसापासून अखंड चालू आहे असं लिहिलंय. यंत्रणा तीन आठवडे बंद होती आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही, हे त्यात कुठे बसवणार? एका शाखेचा फोन बंद होता, हे बसतं. माझा खरा कागद त्यांनी मला परत दिला आणि तुझा खोटा फायलीला लावला. दुसरा माणूस बिऱ्हाडासकट येऊन पोचलाय, जागा गेली. तुझ्या नावावर शेरा पडला आणि दोन वर्षं बदलीचा अर्ज करायचा नाही. मी वाद घातला, धाकट्या, मी. आवाज चढवला. त्यांनी घड्याळ बघितलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला कळणार नव्हतं म्हणूनच सांगता आलं. दोन वर्षं तिच्याजवळ नाहीत.

मग तुझं पत्र आलं. त्यातलं ट्रंकांचं वाचलं आणि चौदा तारखेला मी पुन्हा साहेबांकडे गेले. टंकलेखन विभाग नोव्हेंबरअखेर बंद होतोय, हे मला ठाऊक होतं, त्याचंही पत्र मीच टाइप केलंय. आम्हा सातजणींना दोनच रस्ते आहेत. घरी बसा, नाहीतर एखाद्या शाखेत मशीनवर बसा. शाखांची यादी मागितली. तुमच्या शाखेपुढची जागा कोरी होती, तिकडे यायला कोणी तयार नाही. साहेबांनी माझ्या अर्जावर उभ्या उभ्या सही केली. मी दूर गेलेली त्यांनाही बरीच.

माझ्या बदलीचं पत्र काल मीच टाइप केलं. पावणेचारला यादीत टाकलं आणि चारला स्वतः फोन जोडला. पहिल्यांदा लाइन मिळाली नाही. दुसऱ्यांदाही नाही. पाचव्यांदा मिळाली. यादी रिकामी होईपर्यंत खुर्चीवरून हलले नाही. तुझ्याकडे पोचलं असेल. एक डिसेंबरपासून मी तुझ्या टेबलाशेजारी. तू मला मशीन शिकवायचंस आणि मी तुझं ऐकायचं, याची आत्तापासून भीती वाटते.

आता अडचण सांगते. आई यायला तयार नाही. तिला म्हटलं, आपण धाकट्याकडे जायचं राहायला. ती म्हणाली, तो शाळेतून आला की मग निघू. सामान बांधायला घेतलं की सोडते. दार बंद केलं तर रडते, तो येईल आणि कुलूप बघून परत जाईल म्हणून. तिला उचलून न्यायची माझ्यात ताकद नाही आणि फसवून न्यायची इच्छा नाही. मी फार दमलेय रे.

काय करू ते लिही. तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला विचारू?
ताई


२५ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं मशीनवरचं पत्र सोळालाच मिळालं, चार वाजून सव्वीस मिनिटांनी. छापून शाखाप्रमुखांपुढे ठेवलं, त्यांनी 'पाहिले' लिहिलं. मग माझ्या टेबलाशेजारची काट्यांच्या सुट्या भागांची पेटी मी आणि दोन फिटरांनी मिळून हलवली. तिथे तुझं टेबल लागेल. खिडकी नाही, पण पंखा आहे.

शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मला त्याचं वाईट वाटायचं होतं ते एका संध्याकाळी वाटून झालं.

आईला उचलायचं नाही, फसवायचं नाही, बांधलेलं सामान तिनं सोडलं तर सोडू दे. रजा मंजूर झालीय. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी येतोय. दुपारी पोचेन, पण वर येणार नाही. खाली शिवणवाल्या बाईंच्या दुकानात बसेन आणि पाच वाजता जिना चढेन. दार उघडं असेलच. तिनं मला ओळखलं तर प्रश्नच नाही. नाही ओळखलं, शेगडीवाला समजली, तर मी काही सांगत बसणार नाही. चपला काढेन आणि विचारेन, आई, दप्तर कुठे ठेवू.

मग आपण तिघं निघू. ट्रंका इकडे दाराशीच आहेत, रिकाम्या. तुझ्या कपड्यांना होतील असं ही म्हणते.

मी येईपर्यंत हात शेकत जा. येतोच आहे, तेव्हा बाकी सगळं समक्ष.
तुझा धाकटा